न घेतलेल्या गाडीतला वरचा बर्थ

आमच्याकडे एक गाडी आहे. अजून घेतलेली नाही. पण तिच्यातल्या वरच्या बर्थवरून मुलांची भांडणं होऊन गेली आहेत आणि ओट्याची उंची माझ्या मापाने ठरली आहे. नवऱ्याच्या लॅपटॉपवर तिच्या नावाची एक एक्सेल शीट आहे. तिचे रकाने वाढतच असतात: डिझेल, टायर, विमा, पाणी, गॅस. ‘शाळा’ असाही एक रकाना आहे. त्यात बराच काळ नुसतं प्रश्नचिन्ह होतं.

बेत साधा आहे, म्हणजे सांगायला साधा. टेम्पो ट्रॅव्हलरएवढ्या गाडीत चौघांची झोपायची सोय, एक ओटा, एक संडास. पुण्यातल्या धायरीचं घर भाड्याने द्यायचं, मुलांना शाळेतून काढायचं आणि दोनेक वर्षं देशभर हिंडायचं. नवऱ्याचं काम इंटरनेटवर चालतं, माझं भाषांतर कुठेही बसून होतं. थोरली दहा वर्षांची, धाकटा सहाचा. थोरली दहावीच्या चरकात सापडायच्या आत निघायला हवं, हा आमचा हिशेब.

हे खूळ लॉकडाऊनमधलं. थोरलीचा बालवर्ग मोबाइलवर भरायचा, त्यामुळे शाळेचा अख्खा दिवस पहिल्यांदाच आतून बघायला मिळाला. हजेरी, कोणाचा तरी आवाज येत नाही, कोणाचा बंद होत नाही, आणि या सगळ्यात प्रत्यक्ष शिकणं बोटाच्या पेराएवढं. त्याच दिवसांत ती वाण्याची यादी वाचून वाचून जोडाक्षरं शिकली, कारण ‘गूळ-शेंगदाण्याची चिक्की’ यादीत आहे की नाही हे तिला स्वतः बघायचं असायचं. शाळेवर माझा राग नाही. चाळीस मुलं सांभाळणाऱ्या बाईंना रांगा लावाव्याच लागतात. माझी दोनच आहेत, तरी संध्याकाळी सातला माझाही आवाज चढलेला असतो. घरी शिकवण्याविषयी भारावून बोलणाऱ्यांना मी हे आधी सांगते.

गाडी आली नसली तरी गाडीने शिकवायला सुरुवात केली आहे. एका रविवारी थोरलीने विचारलं, गाडीत एसी असणार का? बाबाने उत्तर न देता आकडे दिले. १२ व्होल्टची २०० अँपिअर-तासांची बॅटरी, म्हणजे २४०० वॉट-तास, म्हणजे आपल्या वीजबिलातली २.४ युनिटं. हजार वॉटचा एसी लावला तर दोन-सव्वादोन तासांत बॅटरी झोपली. ७५० वॉटचा मिक्सर सहा मिनिटं चालवला तर ७५ वॉट-तास. म्हणजे चटणी परवडते, गारवा परवडत नाही. मग तिने पाण्याचं गणित आपणहून मांडलं. शंभर लिटरची टाकी म्हणजे छतावर किंवा पोटाखाली शंभर किलोचं ओझं. आपल्या घरातला फ्लश एकदा ओढला की सहा ते दहा लिटर जातात. चार माणसं सकाळची उठून एकदा जाऊन आली की टाकीचा तिसरा हिस्सा गेला. त्या आठवड्यात ती नळ सोडून दात घासणाऱ्या भावाच्या मागे हात धुऊन लागली होती.

पुढचा धडा संडासाचा. तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो, म्हणून त्याच्यावर थोडी रेंगाळते.

अशा गाड्यांतून बहुधा पेटीचा संडास असतो. खाली वीसेक लिटरची बंद पेटी, तिला कॅसेट म्हणतात. दोन-तीन दिवसांनी ती ओढून बाहेर काढायची, चाकांवरून नेऊन रिकामी करायची, धुऊन परत बसवायची. हे सगळं आपल्या हातांनी. सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या काही क्षण गप्प होत्या. मग म्हणाल्या, “आणि हे कोण करणार?” प्रश्न त्यांनी विचारला, पण तो आपल्या सगळ्या समाजानेच शतकानुशतकं न विचारता सोडवून टाकला होता. ‘कोण करणार’ हे जन्मावर ठरवून आपण नाक दाबून पुढे गेलो. मुलांना नागरिकशास्त्रात समता शिकवता येते, पाच मार्कांना येतेही. पण स्वतःच्या घराची पेटी स्वतः वाहून नेणं हा तास कोणत्याच शाळेच्या वेळापत्रकात नाही. आमच्या नकाशावरचा पहिला थांबा म्हणूनच कणकवलीचा गोपुरी आश्रम आहे. अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ साली तो काढला. त्यांना ‘कोकणचे गांधी’ म्हणत. सफाईचं काम हा त्यांनी आयुष्याचा विषय केला आणि मैल्याचं खत होईल अशा संडासावर खटपट केली, ‘गोपुरी संडास’ म्हणूनच तो ओळखला जातो. किल्ले आणि लेणी नंतर.

ती पेटी रिकामी करायची कुठे, हा पुढचा प्रश्न. महाराष्ट्राने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, केरळानेही त्याच वर्षी. कागदावर गाडी लावायला जागा, वीज, पाणी, मैला टाकायची सोय असं सगळं आहे. आमच्या बेताच्या रस्त्यावर मात्र बहुतेक रात्री पेट्रोल पंप, ढाबा, देवस्थानाचं पटांगण किंवा ओळखीपाळखीचं शेत यांच्याच भरवशावर काढाव्या लागतील असं दिसतं. नणंद स्टुटगार्टला असते. ती फोनवर हसते. तिकडे गावोगावी मोटरहोम लावायच्या राखीव जागा, नाणं टाकलं की पाणी, खांबाला वायर जोडली की वीज, मैल्याच्या पेटीसाठी वेगळं तोंड. “मग तुम्हीच का नाही निघत?” असं मी एकदा विचारलं. तर म्हणाली, “अगं वहिनी, इथे मुलांना घरी शिकवायची परवानगीच नाही. शाळेत पाठवलंच पाहिजे.” तिकडे गाडीची सगळी चैन आणि शाळेपासून सुटका नाही. इकडे शाळेचं बघून घेता येईल, पण पेटी कुठे ओतायची ते ठाऊक नाही. नवऱ्याने हे शीटमध्ये शेरा म्हणून लिहून ठेवलं आहे.

शाळेचं बघून घेता येईल, असं मी म्हणते ते पुष्कळ वाचल्यावर म्हणते. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शाळेत घालणं हे दहाव्या कलमाप्रमाणे आईबापांचं कर्तव्य आहे, पण ते न केल्याबद्दल कायद्यात शिक्षा नाही. घरी शिकणाऱ्या मुलांचा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयात गेला, तेव्हा २०१२ साली केंद्र सरकारने सांगितलं की जे पालक आपखुशीने मुलांना घरी शिकवतात त्यांच्या आड हा कायदा येत नाही. म्हणजे परवानगीही नाही आणि मनाईही नाही. आपल्याकडच्या बऱ्याच गोष्टी याच दोन शब्दांच्या मधल्या बोळातून चालतात. पुढे परीक्षेला राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे. तिथे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे तीन टप्पे आहेत आणि दहावीला बसायला चौदा वर्षं पूर्ण लागतात. आणि आपला राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म तर आहेच.

१७ नंबरचं नाव काढलं आणि माझी आई हबकली. “म्हणजे बाहेरून दहावी?” तिच्या लेखी बाहेरून दहावी म्हणजे नापास झालेले, दुकानात कामाला लागलेले, लग्न होऊन मध्येच शाळा सुटलेल्या मुली. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंच्या मुलीने १७ नंबर भरूनच दहावी केली. दिवसा ब्युटीपार्लरमध्ये काम, रात्री अभ्यास. तिला तो फॉर्म भरावा लागला. आम्ही तो हौसेने भरणार. आईला हे पटवताना माझीच जीभ जरा अडखळली.

अभ्यासक्रम मात्र झकास आखला आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या द्राक्षबागा आणि टोमॅटोच्या शेतांत पसरलेल्या. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला लोकांना आत जाता येतं. लोणारला अशनीने बेसॉल्टमध्ये पाडलेलं पावणेदोन-दोन किलोमीटर रुंदीचं विवर, आत खारं पाणी. २०२० च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झालं होतं ते का, हे थोरलीने आधीच पाठ केलंय: मीठ मानवणारे सूक्ष्मजीव. नाणेघाटात सातवाहनांच्या लेखातले आकडे. तिथून पुढे मात्र नवरा-बायकोत तट पडतात. त्याला उत्तरेला जायचंय, पानिपतला. मला दक्षिणेला, तंजावरला.

तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे, १८०३ सालचा, तिथले मराठा राजे दुसरे सरफोजी यांच्या कारकिर्दीतला. कावेरीच्या खोऱ्यात, चोळांच्या देवळाच्या दगडावर देवनागरी मराठी. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे गठ्ठे आहेत आणि त्या गावात अजून अशी घरं आहेत जिथे घरात मराठी बोलतात, आपल्याला चटकन न कळणारी, पण मराठीच. पाचवीतल्या मुलीने ते भिंतीवरचं एक एक अक्षर लावत वाचावं, मागून तमिळ बायका नवलाने बघाव्यात, एवढं चित्र माझ्या डोळ्यांपुढे इतक्या वेळा आलं आहे की पानिपतला माझ्याकडून हार मान्य होणं कठीण.

अशा गप्पांत रमलेलं असताना एकदा पंडिता रमाबाईंबद्दल वाचत होते आणि थबकले. मराठी माणसांतली सगळ्यात गाजलेली, घरी शिकलेली आणि रस्त्यावर वाढलेली मुलगी तीच तर आहे. जन्म १८५८ चा, आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं, त्या काळच्या शास्त्र्यांचा रोष पत्करून. मग मुलीला तिच्या आईने शिकवलं. रमा काही महिन्यांची असतानाच बिऱ्हाड हललं. वेताच्या पेटाऱ्यात घालून तिला जन्मगावाहून नेलं, असं तिनेच पुढे सांगितलं आहे. तीर्थामागून तीर्थ, देवळाच्या ओवरीत पुराण सांगायचं, मिळेल त्यावर राहायचं. शाळा नाही, पाटी नाही, चालता चालता आईच्या तोंडून ऐकलेलं पाठ करायचं. भागवताचे हजारो श्लोक त्या मुलीला मुखोद्गत होते. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी तिची परीक्षा घेतली आणि ‘पंडिता’, ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. घरी शिकवणाऱ्यांनी भिंतीवर लावावा असा हा फोटो.

पण कलकत्त्याच्या आधी दुष्काळ आहे. पुराण ऐकणारेच उपाशी, तिथे सांगणाऱ्याला कोण देणार? जवळचं होतं ते विकून झालं, भांडीकुंडी गेली. आधी वडील गेले, मग आई, मग मोठी बहीण. उरलेली रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास आणखी काही वर्षं चालतच राहिली, कारण परत जायला कुठे काही नव्हतं. गंमत अशी, की या मुलीने पुढे शाळा आणि निवारेच काढले. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन, ते पुढे पुण्यात आलं, नंतर केडगाव. १८९६-९७ च्या दुष्काळात ती मध्य प्रांतात जाऊन उपासमारीतल्या मुलींना घेऊन आली, केडगावच्या छपराखाली. दौंडच्या गाडीतून जाताना हे केडगाव किती वेळा खिडकीतून गेलंय माझ्या. आता जातं तेव्हा निराळं दिसतं.

यानंतर मला रस्त्यावरची बिऱ्हाडं दिसायला लागली. आधीही दिसायची, फोटो काढण्यापुरती. दिवाळीनंतर दिवे घाटाच्या पुढे सासवड रस्त्याला मेंढरं भेटतात. घोड्यावर संसार, वर कोंबड्या, जाळीत नुकती झालेली कोकरं आणि त्यांच्याच शेजारी एखादं बाळ. नवऱ्याला राहवलं नाही. चहाच्या टपरीवर एका मावशींना त्याने आमचा बेत हौसेने सांगून टाकला. मावशींनी शेवटपर्यंत नीट ऐकलं. “म्हंजी घर सोडून आमच्यावानी हिंडणार?” आणि मग, “आमी तर पोराला गावाकडं ठिवलाय म्हातारीपाशी. शाळा बुडती म्हणून.” त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच समजत नव्हतं. मला नवऱ्याचा हात धरून गाडीत बसवावंसं वाटलं.

बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दर वर्षी गाळप हंगामाला निघणाऱ्या जोडप्यांचंही तेच. मुकादमाकडून उचल घेतली की नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ ठरतात. बैलगाडीत नाहीतर ट्रॉलीत भांडी, शेळी, मुलं. पाच-सहा महिने कारखान्याच्या आवारात किंवा उसाच्या फडाशेजारी पालं. त्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, गावात मागे राहिलेल्यांसाठी हंगामी वसतिगृहं निघाली, कुठे चालली, कुठे बंद पडली. ही मुलं आमच्या मुलांनी बघावं म्हणतोय त्याहून जास्त तारे बघतात. त्यांनाही बैल, पाणी, उतार, वजन यांची गणितं येतात. पण सरकार त्यांना शाळाबाह्य म्हणतं, आणि ते बरोबरच आहे.

शिक्षण हक्क कायद्याचं चौथं कलम याच मुलांसाठी आहे. शाळेत कधी न गेलेल्या किंवा मध्येच सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश द्यायचा आणि मागे पडलेलं भरून काढायला खास शिकवायचं. आता खरं सांगायचं तर हे कलम मी शोधून काढलं ते आमच्या परतीची सोय म्हणून. दोन वर्षं हिंडून आलो की याच कलमावर बोट ठेवून मुलांना वर्गात बसवायचं. ऊसतोडीच्या पोराला ते कलम आहे हेच माहीत नसतं. मी मात्र त्याच्या खाली पिवळ्या शाईने रेघ मारून ठेवली आहे. सर्वेक्षणाला आलेल्या बाईंनी धायरीत विचारलं असतं, तर आमचीही दोन नावं त्याच शाळाबाह्यांच्या यादीत पडली असती. फक्त आमच्या नावापुढे कायमचा पत्ता असता, आधार, दाखला, लसीकरणाचं कार्ड, आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत खुर्ची ओढून बसणारे आईबाप. आमची भटकंती सहल ठरते ती या फायलीमुळे.

याचा अर्थ जाऊ नये असा मी काढत नाही. अपराधी वाटून घरी बसल्याने कोणाचं पोर शाळेत जात नाही. पण बेत बदलला. दोन वर्षांचं एक झालं. राज्याने २०२३ साली पाचवीला आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आणली आहे, तेव्हा थोरलीने पाचवी इथेच पास व्हायची आणि सहावीचं वर्ष गाडीत काढायचं. सातवीला तिच्याच शाळेत, जमल्यास तिच्याच तुकडीत. हा आग्रह तिचा. तिची एक मैत्रीण आहे, शाळा पुन्हा भरायला लागल्यापासून दोघी एका बाकावर बसतात. “मी परत येईपर्यंत माझ्या जागेवर कोण बसणार?” असं तिने विचारलं तेव्हा आमच्याकडे लोणार, खोडद, तंजावर सगळं असूनही उत्तर नव्हतं. रस्त्यावर माणसं पुष्कळ भेटतील, पण रोज भांडायला आणि रोज कट्टी-बट्टी करायला तेच एक माणूस लागतं. धाकट्या भावाचा त्यासाठी उपयोग नाही, असं ती म्हणते.

गाडीचंही नियमांत बसवायचं काम चालू आहे. कोणाही गॅरेजवाल्याकडून आत खाटा ठोकून घ्याव्यात ही आमची पहिली कल्पना बारगळली. कंपनीने दिलेल्या गाडीच्या रचनेत मनमानी बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केलं आहे. त्यामुळे मान्यता असलेल्या बांधणीवाल्याकडूनच करून घ्यायची आणि मोटर कॅरव्हॅन म्हणूनच पासिंग करायचं. किंमत ऐकून फ्लॅटचा हप्ता गोड वाटायला लागतो. शिवाय गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. सासूबाईंना हे फार पटलं. “बघ, गाडीलासुद्धा वर्षाला घरी यावं लागतं.”

त्यांचं आम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं. वर्षभर त्या नाशिकला दिरांकडे राहतील, तिकडे त्यांचं भजनी मंडळ आहे, करमेल. त्यांनीही कधी काही म्हटलं नाही. मागच्या महिन्यात बांधणीवाल्याकडे चाकणला गेलो, तर “मी नुसती बघायला येते” म्हणून त्याही आल्या. शेडमध्ये एक अर्धवट झालेली गाडी उभी होती. त्यांनी आत चढून ओटा बघितला, खिडकी सरकवून बघितली, संडासाचं दार लावून आत वळता येतं का ते बघितलं. बाहेर त्या माणसाने मापं घ्यायला वही काढली.

“झोपणार किती जण, सर?”

“चार,” नवरा म्हणाला.

“पाच,” गाडीतून आवाज आला. “आणि मला खालची जागा. आणि ते पानिपत आधी, तंजावर नंतर. थंडीत उत्तरेला माझे गुडघे धरतात, ऑक्टोबरातच उरकून घ्या.”